निम्मे कागद

तुकारामांनी सावकारीची गहाणखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा निसटतो. परंपरा सांगते, की बुडवण्याआधी त्या कागदांची वाटणी झाली. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला निम्मा हिस्सा मागून घेतला. तुकारामांनी बुडवला तो स्वतःचा. एकाच दुष्काळातून निघालेल्या दोघा भावांपैकी एकाला त्या कागदांत कुळांचे ओझे दिसले, दुसऱ्याला उद्याचे अन्न.

1630च्या सुमाराच्या त्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. दुसरी, जिजाई, पुण्याच्या सावकाराची लेक. कागद बुडवताना तिचे मत कोणी घेतले असेल, असे वाटत नाही. लोकांच्या स्मरणात मात्र ती ‘कजाग आवली’ म्हणूनच राहिली.

जिजाईची बाजू मला उमगली ती घरामुळे. माझे वडील शिक्षक. नातलगांना उसने दिलेले पैसे परत मागणे त्यांना कमीपणाचे वाटे. आई मात्र प्रत्येक रक्कम तारखेसह वहीत लिहून ठेवी. त्या वहीवरून घरात चार-चार दिवस अबोला चाले. वडिलांच्या लेखी ती वही म्हणजे आपल्याच माणसांवरचा अविश्वास. आईच्या लेखी आमच्या फीचे पैसे कुठे गेले, याचे उत्तर.

दोघांचीही कारणे जुनी होती. वडील वार लावून जेवत शिकले. त्यांना जेवू घालणाऱ्या घरांनी कधी हिशेब ठेवला नव्हता. आईचे वडील अकाली गेले, तेव्हा त्यांनी तोंडी दिलेले उसने कोणी कबूल केले नव्हते. एकाला माणसांच्या चांगुलपणाने वाढवले, दुसरीला त्यांच्या विसरभोळेपणाने शहाणे केले. दोघांचेही अनुभव खरे असल्यामुळे वादात कोणी हरत नसे आणि वाद मिटतही नसे.

म्हणून त्या कथेतली वाटणी मला महत्त्वाची वाटते. तुकारामांनी आपले वैराग्य भावाच्या हिश्श्यावर लादले नाही. पण अशी वाटणी भावाभावांत होते. नवराबायकोच्या संसारात निम्मे कागद बुडवता येत नाहीत. एकाने दिले की दोघांचेही जाते. देणाऱ्याचे नाव होते, आणि महिनाअखेरीची तोंडमिळवणी करणारी व्यक्ती कंजूष ठरते.