समोरचा वारा

पाऊस मला प्रिय आहे. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला तो अंगावर घ्यायची सवयच असते. वारा मात्र मला मनापासून आवडत नाही, आणि डिसेंबरात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर या दोघांची जोडी जमते तेव्हा तर मुळीच नाही. तरीही नाताळच्या तोंडावर होणाऱ्या पोर्ट्समथच्या मॅरेथॉनमध्ये मी नाव घातलं, कारण शहरातल्या रस्त्यांपेक्षा पाण्याच्या कडेने धावायला मला कधीही जास्त आवडतं. मुक्काम साउथॅम्प्टनला बहिणीकडे होता. 

पोर्ट्समथ शहर बरंचसं पोर्टसी नावाच्या बेटावर वसलेलं आहे. शेजारी हेलिंग बेट, आणि दोघांच्या मध्ये लँगस्टनची खाडी. मॅरेथॉनची वाट या खाडीच्या कडेकडेने हेलिंगवर जाते आणि तशीच परत येते. जाताना सुरुवातीला नैर्ऋत्येचा वारा पाठीशी होता. फार्लिंग्टनच्या दलदलीपाशी ब्रेंट जातीचे काळसर कलहंस थव्याने चरत होते. सैबेरियाच्या पार उत्तरेकडून ते हिवाळा काढायला इथे येतात. माझी बोटं बधिर झाली होती आणि त्यांना हाच किनारा उबेचा वाटत होता!

हेलिंगवरची वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. 1867 पासून 1963 पर्यंत इथे गाडी धावली. खाडीवरचा पूल लाकडी होता, त्याला जड इंजिनं पेलत नसत. म्हणून ‘टेरियर’ नावाची जेमतेम 28 टनांची इंजिनंच इथे अखेरपर्यंत राबली. पुढे त्या पुलाची दुरुस्ती परवडेना आणि गाडी थांबली. पुलाचे उरलेसुरले खांब पाण्यात दिसले तेव्हा पाऊस विसरून मी मान वळवून वळवून बघत राहिलो.

परतताना फार्लिंग्टन मागे टाकून वाट दक्षिणेला वळली आणि वारा थेट तोंडावर आला. पाऊस आडवा लागत होता. अजून बरेच किलोमीटर बाकी होते. खिशातलं ताकद देणाऱ्या जेलचं पाकीट काढलं, पण ते फाडायला बोटांत जीवच नव्हता. तेवढ्यात बाजूने एक बाई आल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, हातमोज्यांच्या जागी हातांवर पायमोजे चढवलेले. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, दातांनी टोक तोडलं, माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “खा, आणि माझ्या मागे ये.”

मी संकोचलो. आपल्यापेक्षा वयाने एवढ्या मोठ्या बाईंच्या आडोशाला पळायचं? त्यांना हे कळलं असावं. “त्या बाकापर्यंत मी पुढे. तिथून फाटकापर्यंत तू,” असा हिशेब त्यांनी मांडला. मी त्यांच्या मागे गेलो. हातभर अंतर ठेवलं, आणि खरंच, छातीवरचा दाब उतरला, श्वास पुन्हा लयीत आला. बाकापाशी मी पुढे झालो. लगेच मागून आवाज आला, “वाऱ्याशी भांडू नकोस. खांदे खाली, पावलं छोटी. घड्याळाकडे बघू नकोस.” घड्याळात बघणं ही माझी जुनी सवय. इतक्या वाऱ्यात वेगाच्या आकड्याला काही अर्थ नसतो, दमणूक किती होते तेवढंच बघायचं, हे त्या एका वाक्यात पटलं.

फाटक, मग झुडूप, मग दिव्याचा खांब. आमच्या पाळ्या सुरू झाल्या. एक उंच मुलगा येऊन मागे लागला, मग दोघी मैत्रिणी. बाईंनी प्रत्येकाला नियम सांगितला: आडोसा घ्यायचा असेल तर पुढेही यायचं. कुणी कुरकुरलं नाही. उंच मुलाच्या पाठीमागे सगळ्यात जास्त आडोसा मिळे, तरी त्याची पाळी कुणी लांबवली नाही. दोघींपैकी एक ढेपाळली तेव्हा तिच्या वाट्याचा टप्पा बाईंनी न बोलता स्वतःवर घेतला. ते मला फार भावलं. त्या वयात, त्या वाऱ्यात, दुसऱ्याच्या वाट्याचा वारा छातीवर घ्यायचा!

शेवटच्या वळणावर त्यांनीच आम्हाला पुढे पिटाळलं. मी रेषेपलीकडे जाऊन त्यांची वाट पाहत थांबलो. त्या आल्या, मी दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले आणि आभार मानले. “पुढच्या वेळी कुणी मागे दिसलं तर तू पुढे हो,” एवढंच त्या म्हणाल्या.

मॅरेथॉन म्हणजे ज्याची त्याने एकट्याने लढायची लढाई, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. आता ते मी मानत नाही. पुण्यात आमच्या धावणाऱ्यांच्या गटात नवीन मुलं येतात. त्यांना मी वेगाचं गणित नंतर शिकवतो; समोरून वारा असताना पाळी कशी घ्यायची आणि दमलेल्याची पाळी कशी उचलायची, ते आधी.