दोन काठ्या आणि एक वही

खडकवासल्यात समुद्र आहे, असं सांगितलं की पाहुणे हसतात. मग मी त्यांना केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातल्या प्रतिकृतींबद्दल सांगतो. सिमेंटचा समुद्रतळ, त्यावर चढणारी भरती, लागणारी ओहोटी. आडवं प्रमाण १:४०० आणि उभं १:१०० धरलं, तर काळ चाळीस पटींनी आकसतो. १२ तास २५ मिनिटांचं चक्र साडेअठरा मिनिटांत पुरं होतं. माझी उमेदीची वर्षं त्या पाण्याच्या काठावर गेली.

तिथं येणारा प्रत्येक प्रश्न कुणीतरी पैसे भरून विचारलेला असतो. बंदरात गाळ किती साचेल, लाटरोधक भिंत कुठवर न्यावी. उत्तर दिलं की काम संपतं, आणि त्या किनाऱ्यावरची मोजणीही थांबते. मुंबईत अपोलो बंदरावर मात्र १८७८ पासूनच्या भरतीच्या नोंदी आहेत. आज समुद्र किती वर चढला हे विचारायचं, तर जगाला अशाच जुन्या वह्यांकडे जावं लागतं.

निवृत्तीनंतर मी काही तरुण मुलांबरोबर कोकणात पुळण मोजायला जाऊ लागलो. सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि एक दोरी. समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत धरायचं. ती नजर मागच्या काठीला टोकाखाली जिथं छेदते, तितका उतार. एमरी या अमेरिकी शास्त्रज्ञाची ही रीत १९६१ मधली. पावसाळ्यात वाळू समुद्रात ओढली जाते आणि पुढं हळूहळू परतते, म्हणून मे आणि ऑक्टोबर, दरवर्षी, त्याच खुणेपासून. वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांना अशा चिकाटीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

निधीसाठी अर्ज केला, तेव्हा एका ठिकाणी विचारलं गेलं, ‘यात नवीन काय?’ नवीन काहीच नाही. तेच माप पुन्हा घेणं, हेच तर काम आहे. आपल्या देशात सकल उत्पन्नाचा एक टक्काही संशोधनावर खर्च होत नाही. त्या तुटपुंज्या वाट्यात अशा कामाचा नंबर शेवटी लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्वयंसेवक स्वतःच्या खर्चानं येतात, भर उन्हात उभे राहतात. पण त्यांची परीक्षा असते, नोकरी लागते. गावातच राहणारा, महिन्याला थोडं मानधन मिळणारा एक माणूस वही सांभाळायला हवा. तेवढाच पैसा आम्ही मागत होतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. टाळेबंदीत आम्ही पुण्यातच अडकलो होतो. किनाऱ्यानं त्या दिवशी किती वाळू गमावली, हे सांगू शकणारं मे महिन्याचं पान आमच्या वहीत कोरं आहे.