कोबी कशाचे प्रतीक?

कविता शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते : समोर आलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाची तरी खूण असणार, असे तो धरून चालतो. वस्तुचित्रांच्या बाबतीत ही खोड बरेचदा फळते. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत कवटी, विझलेली वात, कलंडलेला प्याला दिसला की 'नश्वरता' हे उत्तर तयारच असते. हुआन सांचेझ कोतान या स्पॅनिश चित्रकाराच्या १६०२ च्या सुमाराच्या एका चित्रापुढे मात्र ती निरुपयोगी ठरते. (चित्र सॅन डिएगोच्या कलासंग्रहालयात आहे, मी पाहिली ती छापील प्रत.)

खिडकीसारखी चौकट, मागे निबिड काळोख. डावीकडे वर दोरीला टांगलेले क्विन्स हे पिवळे फळ, जरा खाली तसाच टांगलेला कोबी, मग कट्ट्यावर कापलेले खरबूज, त्याची फोड, आणि शेवटी कट्ट्याबाहेर टोक काढून बसलेली काकडी. पाचही वस्तू एका उतरत्या वक्ररेषेत. टांगण्यात गूढ काही नाही. कोकणात काकड्या-भोपळे टिकावेत म्हणून टांगतात, तसेच ते.

१६०३ मध्ये कोतान तोलेदो सोडून कार्थुसियन मठात गेला. हा संप्रदाय मांस वर्ज्य मानतो. साहजिकच या भाज्यांत वैराग्य वाचले गेले. पण शिकागोत त्याचे साधारण त्याच काळातले दुसरे चित्र आहे. त्यात हेच क्विन्स, हाच कोबी, हेच खरबूज, हीच काकडी जागच्या जागी आहेत. फक्त इथे जो काळोख होता तिथे मारलेले पक्षी टांगले आहेत, त्यांत एक बदक. प्रतीकांचा कोश उघडला तर कोबीचा अर्थ दोन्हीकडे एकच निघेल. डोळ्यांना तो एक वाटत नाही. बदक आले की वक्ररेषा गर्दीत हरवते आणि कोबी कोठीघरातला कोबी होतो. पहिल्या चित्रात वैराग्य असेलच, तर ते भाजीत नाही, न टांगलेल्या बदकात आहे.

कवितेच्या तासाला हे अडचणीचे होते. परीक्षेत 'प्रतीके स्पष्ट करा' असा प्रश्न असतो, म्हणून विद्यार्थी पणती, वाट, पाखरू यांचे अर्थ पाठ करून येतात. त्या शब्दाशेजारी कवीने काय ठेवलेले नाही, असे विचारले की वर्ग गप्प होतो. अलीकडे मी ही दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवतो. पहिला प्रश्न अजून कोबीविषयीच येतो.