टाकाऊ, टिकाऊ आणि दिखाऊ

‘टाकाऊतून टिकाऊ’ ही जोडी शाळेतल्या कार्यानुभवापासून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत इतकी रुळली आहे, की तिच्यातला व्याकरणाचा पेच सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही शब्दांची घडण सारखीच. पण ‘टिकाऊ’ हा वस्तूच्या अंगचा गुण, तर ‘टाकाऊ’ हा तिच्याविषयी आपण दिलेला निकाल. वस्तू स्वतः टिकते. टाकतो मात्र आपण. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेव्हा हा भेद फळ्यावर मांडणे आम्हांला सोपे. चौथीतल्या मुलीच्या टेबलावर तो मांडणे अवघड.

शाळेने याच विषयाचा प्रकल्प दिला आणि सोबत साहित्याची यादी: आइस्क्रीमच्या काड्या, टिकल्या, चमकीचा कागद. या काड्यांची पाकिटे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्यांनी आइस्क्रीम कधी पाहिलेलेही नसते. कोरी वस्तू विकत आणायची, तिला टाकाऊचे सोंग द्यायचे, प्रदर्शनात मांडायची आणि आठवड्याने खरोखरच टाकून द्यायची. याच घडणीचा तिसरा शब्द मराठीत आहे: दिखाऊ.

प्रकल्प आम्ही यादीबरहुकूम होऊ दिला. तिच्या टेबलासाठी मात्र वेगळा नियम ठरला: दुकानात जायचे नाही.

दूधभुकटीच्या डब्यात पेने ठेवली की तो कलंडे, म्हणून तळाशी मूठभर खडे घातले. वह्या उभ्या ठेवण्यासाठी कॉर्नफ्लेक्सचा खोका तिरका कापला. पण पातळ पुठ्ठा वाकतो. लाकडासारखेच पुठ्ठ्यालाही धागे असतात. एका दिशेने तो सहज दुमडतो, दुसऱ्या दिशेने अडून बसतो. दुसरा थर आडवा चिकटवला तेव्हा खोका ताठ उभा राहिला. चिकटवायला मैद्याची खळ. बुकबाइंडर तीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पण ते विषारी, तेव्हा मुलांच्या वस्तूंसाठी वर्ज्य. खळ पातळ लावून वस्तू उन्हात कडकडीत वाळवली.

खरी परीक्षा काडेपेट्यांनी पाहिली. चार-चारच्या दोन रांगा चिकटवून टाचण्या, खोडरबर, निबे यांच्यासाठी आठ खणांचे कपाट करायचे होते. खणांच्या मुठी म्हणून जुन्या सदऱ्यांची बटणे तयार होती. परंतु गॅसला लायटर आल्यापासून आमच्या घरात काडेपेटी उरली आहे ती देवापुढच्या निरांजनापुरती. आठ पेट्या रिकाम्या व्हायला दिवाळीपासून गणपतीपर्यंतचा काळ गेला. दुकानातून आठ पेट्या आणून काड्या ओतून देण्याची सूचना मुलीनेच केली होती, आणि तिनेच दुसऱ्या दिवशी ती मागे घेतली.

डब्याचे लेबल झाकावे की राहू द्यावे, यावर आमचा मात्र मतभेद झाला. एकाचे म्हणणे, रंगीत कागदाने वस्तू देखणी होते. दुसऱ्याचे, गोधडीत आजीचे लुगडे ओळखू येते म्हणूनच ती गोधडी. अरविंद गुप्ता १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे व आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. त्या आकृतींत आगकाडी आगकाडीच दिसते. तिला कोणी सजवत नाही. पुढे पुण्याच्या आयुकामध्येही त्यांनी मुलांना कचऱ्यातून खेळणी करायला शिकवले. आम्हांला त्यांच्या कामातला हा उघडेपणा फार मोलाचा वाटतो. (समीक्षकी सवयीने आम्ही यावर बरेच बोललो. मुलीने तोवर अर्धे लेबल झाकून अर्धे ठेवले होते.)

पाठकोरे कागद आमच्याकडे मुबलक. घरी साठलेल्या जुन्या परिपत्रकांची तिने दोऱ्याने शिवून वही केली आहे. कार्यभाराच्या फेरवाटपाविषयीच्या एका सूचनेच्या पाठीवर सध्या अपूर्णांकांची बेरीज चालू आहे.

काडेपेट्यांच्या कपाटाचे दोन खण आता ढिले झाले आहेत. बदलीची एक पेटी ठरलेली आहे. ती देवघरात आहे, आणि तीत अजून काड्या आहेत.