स्क्रीनवरचं चैत्रांगण

डिजिटल चित्रं काढायची तर महागडा आयपॅडच हवा, असं मैत्रिणी सांगत होत्या. माझ्याकडे होता घरचा जुना लॅपटॉप. त्याला साधा, बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट जोडला आणि फुकट मिळणारं ‘क्रिता’ उतरवून घेतलं. पहिला आठवडा वैतागाचा! हात टेबलावर, नजर समोर आणि रेघ भलतीकडेच. रोज अर्धा तास नुसते गोल आणि आडव्या-उभ्या रेघा काढल्या, तेव्हा कुठे हात वळला. (ब्रश जमवत बसू नका, सुरुवातीला एक पुरतो.)

मग लेयर कळले. खालच्या लेयरवर ठिपके, वरच्यावर रेघा. शेवटी खालच्या लेयरच्या डोळ्यावर क्लिक केलं की ठिपके गायब. आजी म्हणाली, “अगं, ही तर रांगोळीच!”

तिचा हात दोन वर्षांपासून थरथरतो. बडोद्याच्या आमच्या घरी चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात चैत्रांगण असायचं, ते त्यामुळे बंद पडलं. आईला ते येत नाही, मला तर त्यातल्या खुणाही माहीत नव्हत्या.

क्रितात स्टॅबिलायझर आहे. रेघ पेनच्या मागून सावकाश येते आणि थरथर बरीच गाळली जाते. तो वाढवून पेन आजीच्या हातात दिला. शंख, चक्र, गोपद्मं, कासव सरळ उतरली. गौरीच्या पाळण्याच्या साखळ्या मात्र तिने मला तीनदा पुसायला लावल्या. “कड्या दोन्हीकडे सारख्या हव्यात गं.”

सूर्य, चंद्र आणि तुळशीवृंदावन अजून व्हायचंय. जेवणं झाली की तीच हाक मारते, “लॅपटॉप चार्ज केलास का?”