पुस्तक मिटण्याची वेळ

आमच्या शालीबंड्याच्या घरी दिवेलागणीला परवचा होत असे. शुभंकरोती झाली की आम्ही भावंडे ओळीने बसत असू आणि बे एके बे पासून तिसापर्यंतचे पाढे, मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असा तो सूर घरभर घुमत राही. सर्वांबरोबर म्हणताना मला सारे काही येत असे. पाढ्याला एक चाल असते. एका पायरीवर पाय ठेवला की पुढची आपोआप पायाखाली येते. आजोबा काही दिवस हे नुसते ऐकून घेत. मग एखाद्या संध्याकाळी अवचित विचारीत, "सतरा साते?" आणि माझी वाचा बसे. मनातल्या मनात मी सतरा एके सतरापासून धावत सुटे. तोवर धाकटी बहीण उत्तर देऊन मोकळी झालेली असे.

नवा पाढा घेतल्यावर पहिल्या दिवसांत आजोबांनी असा आडवा प्रश्न कधी विचारला नाही, हे मात्र मला फार उशिरा ध्यानात आले. ते वाट पाहत. कशाची, ते त्यांना विचारायचे राहून गेले. आज वाटते, पाढा म्हणता म्हणता आमची नजर खिडकीबाहेर कधी जाऊ लागते, तेवढेच ते पाहत असावेत. तोंड चालू आणि चित्त दुसरीकडे, म्हणजे या म्हणण्यातून आता नवे काही मिळायचे नाही.

सरकारी नोकरीत आल्यावर मला हा धडा दुसऱ्यांदा, आणि जरा महागात, मिळाला. आंध्र प्रदेश शासनाच्या सेवकांना खातेनिहाय परीक्षा द्याव्या लागत. लोकसेवा आयोग त्या वर्षातून दोनदा घेत असे. त्यांतल्या काही पेपरांना पुस्तके जवळ बाळगण्याची मुभा असे. हिशेबाचा पेपर तसाच होता. पुस्तक हाताशी असताना नापास कोण होणार, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. मी झालो. फायनान्शियल कोड मी तीनदा वाचला होता, तोही लाल-निळ्या पेन्सिलीने रेघा मारीत. प्रत्येक पान ओळखीचे होते. परीक्षेच्या दालनात प्रश्न आला, उत्तर याच पुस्तकात डाव्या पानावर खाली आहे हेही आठवले. पण कोणत्या प्रकरणात, हे काही सापडेना. पाने उलटण्यात वेळ गेला. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. त्या एका निकालाने माझ्यामागून लागलेले दोघे बढतीच्या यादीत माझ्यापुढे गेले. वडील त्याच वर्षी सेवानिवृत्त होत होते, आणि घरी ही बातमी कशी सांगावी या विचारात मी अफझलगंजपासून घरापर्यंत पायीच आलो होतो.

आमच्या विभागात एक वृद्ध तेलुगु अधीक्षक होते. त्यांनी माझे पुस्तक हाती घेतले, रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "हे फार सुंदर रंगवले आहेस. आता सहा महिने हे उघडायचे ते केवळ प्रश्न समोर असताना." जुन्या प्रश्नपत्रिका त्यांनीच मिळवून दिल्या. पहिल्या आठवड्यात एकेक नियम शोधायला मला दहा-दहा मिनिटे लागत. पुढच्या खेपेला मी उत्तीर्ण झालो. यात बुद्धीचा प्रश्न कधीच नव्हता. वाचताना पुस्तक मला उत्तरे देत होते आणि ती मलाच येतात, असे मी समजत होतो.

या समजुतीचे मोजमाप पुढे अमेरिकेत झाले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले. काही एकदाच वाचून मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला मजकूर अधिक आठवला: ८१ टक्के, तर लिहून काढलेला ७५. आठवड्याने मात्र पारडे फिरले. दोनदा वाचलेला ४२ टक्क्यांवर आला आणि लिहून काढलेला ५६ टक्के उरला. मला याहून मार्मिक वाटली ती त्यांच्या पुढच्या प्रयोगातील गोष्ट. ज्यांनी केवळ वाचन केले होते, आपल्याला पुष्कळ लक्षात राहील असा भरवसा त्यांनाच सर्वांत जास्त होता. माझ्या लाल-निळ्या पेन्सिली मला तेव्हा आठवल्या.

हे सारे पुन्हा मनात आले ते माझ्या भाच्यामुळे. तिशी ओलांडलेला, अभियंता, नोकरी सोडून ग्रुप-१ च्या मागे लागलेला. अशोकनगर-चिक्कडपल्लीचे शहर मध्यवर्ती ग्रंथालय ज्यांनी अलीकडे पाहिले असेल, त्यांना ही मुले ठाऊक आहेत. पूर्वपरीक्षा १६ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली आणि पेपर फुटल्याचे उघडकीस आल्यावर मार्च २०२३ मध्ये रद्द झाली. ११ जून २०२३ रोजी पुन्हा झाली. तीही सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५६३ पदांची नवी जाहिरात निघाली. त्याच महिन्यात वयोमर्यादा ४६ वर्षांपर्यंत वाढली, म्हणजे वाचत बसायला आणखी अवधी! दर खेपेला तारीख पुढे गेली की भाचा पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करी. सातवाहन तीनदा झाले, काकतीय तीनदा झाले. त्याच्या टिपणवह्या मी पाहिल्या. अक्षर देखणे, समासही आखलेले.

"सराव परीक्षा किती दिल्यास?" मी विचारले.

"अभ्यासक्रम पुरा झाला की देणार आहे, मामा."

"आणि तो पुरा कधी होणार?"

तो गप्प राहिला. रागावलाही असावा. दोन आठवडे घरी आला नाही. मला त्याची भीती कळत होती, कारण ती माझीच होती. पुस्तक कधी गुण देत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर माणसाची फजितीही होत नाही. त्याची आई मला फोनवर म्हणाली, "दादा, त्याला काही बोलू नकोस, आधीच खचला आहे." तिचेही खोटे नव्हते.

तिसऱ्या रविवारी तो आपण होऊन आला. सोबत प्रश्नपत्रिका आणि गजराचे घड्याळ. "दीडशे प्रश्न, अडीच तास. मध्ये चहा विचारू नका." त्याला ७१ गुण मिळाले. इतकी वर्षे वाचून ७१. तो बराच वेळ बाल्कनीत उभा होता. मग आम्ही दोघांनी बसून चुकलेले ७९ प्रश्न निवडले. अजिबात न वाचलेले ३१ निघाले. वेळेअभावी हातच लागला नाही असे १४. आणि उरलेले ३४ वाचलेले, त्याच्याच वहीत सुवाच्य अक्षरात असलेले. पण ऐन वेळी ते वर आले नव्हते, किंवा दोन जवळच्या पर्यायांत त्याची गल्लत झाली होती. पुस्तकाकडे परत जायचे ते त्या ३१ साठी. ३४ साठी वही उघडून उपयोग नव्हता. ते न बघता पुन्हा पुन्हा विचारले जायला हवे होते.

उलट बाजूचा अतिरेकही या शहरात कमी नाही. शेजारची इंटरमीजिएटची मुलगी दर आठवड्याला एक परीक्षा देते. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत १८० मिनिटांत १६० प्रश्न, तेव्हा वेगाची सवय हवी हे मान्य. पण सोमवारी निकाल, मंगळवारी नवे प्रकरण. चुकलेले काय आणि का, हे पाहायला तिला कुणी तास देत नाही. पाढा कानावर पडण्याआधीच "सतरा साते?" विचारण्यासारखे हे आहे. भाच्यालाही मी न वाचलेल्या विषयाची परीक्षा दे, असे कधी म्हटले नाही. एखादे प्रकरण मिटून त्याची मुख्य सूत्रे कोऱ्या कागदावर मांडता आली, अगदी अडखळत का होईना, की त्या प्रकरणापुरती वेळ झाली. साऱ्या अभ्यासक्रमाला एकच मुहूर्त असतो, हीच त्याची मूळ चूक होती. असो.

९ जून २०२४ ची पूर्वपरीक्षा तो उत्तीर्ण झाला. ऑक्टोबरातील मुख्य परीक्षेत तीन-तीन तासांचे लेखी पेपर होते, आणि तिथे त्याला नवाच शोध लागला, की दुसऱ्या तासानंतर हात दुखतो आणि उत्तर निम्मेच उतरते. हा सराव आम्ही दोघांनीही केला नव्हता. निवड यादीत त्याचे नाव आले नाही.

रविवारी तो अजून येतो. आता लांब उत्तरे लिहितो. मी घड्याळ पाहतो आणि चहाचे विचारीत नाही. नंतर आम्ही चुकांचा तक्ता भरतो. न वाचलेल्याचा रकाना आता आखूड झाला आहे. मधला, वाचलेले पण वर न आलेले, अजून बराच लांब आहे.