मिरीचा वास जातो कुठे?

सावंतवाडीहून बांद्याच्या दिशेने निघालात, की पोफळींच्या बागा दिसू लागतात. बाहेर कितीही ऊन असो, बागेत पाऊल टाकलं की कसं गार वाटतं! तिथे पोफळींच्या अंगाखांद्यावर एक वेल चढलेला असतो. पानं थेट विड्याच्या पानांसारखी. हाच मिरीचा वेल. दोघेही एकाच कुळातले ना!

एकदा फेब्रुवारीत आम्ही शाळेची मुलं घेऊन अशाच एका बागेत गेलो होतो. एक आजोबा शिडीवर चढून मिरीचे घोस काढत होते. पण काही घोस नुसते निरखून तसेच सोडत होते. असं का, म्हणून एका मुलीनं विचारलं.

"बाय, घोसातले एक-दोन दाणे तांबडे झाले की समजायचा, घोस तयार झालो. आदी काढलो तर दाणो पोचट. उशीर केलो तर दाणे गळतत, पाखरां खातत."

मग खळ्यात घोस चुरून दाणे मोकळे केले. ते बांबूच्या टोपलीत घेऊन उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर बुडवले. त्यामुळे धूळ निघते, दाणे लवकर वाळतात आणि सगळ्यांना सारखा काळा रंग येतो. मग स्वच्छ चटईवर तीन-चार दिवस कडक ऊन द्यायचं. संध्याकाळी मात्र आठवणीनं आत घ्यायचं, नाहीतर दंव पडून पुन्हा ओल धरते. १०० किलो हिरव्या दाण्यांची वाळून साधारण ३३ किलो मिरी होते.

थोडी जरी ओल राहिली, तरी पोत्यात बुरशी धरते आणि वर्षाची मेहनत वाया जाते. नीट वाळलेली मिरी मात्र वर्षानुवर्षं टिकते. म्हणून भाव पडला, तर शेतकऱ्याला थांबता येतं. याच टिकाऊपणामुळे मिरी पूर्वी गलबतांतून महिनोन् महिने प्रवास करून युरोपात पोचायची. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, तो मसाल्यांच्याच ओढीनं!

आता शीर्षकातला प्रश्न. मिरीचा तिखटपणा 'पायपेरीन' नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि वास येतो तो उडून जाणाऱ्या तेलामुळे. अख्खा दाणा म्हणजे या तेलाची बंद डबीच. पूड केली, की डबी उघडली! पूड तिखट लागते खरी, पण वास दिवसेंदिवस कमी होत जातो.

म्हणून मिरी अख्खीच ठेवावी. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, उजेडापासून आणि चुलीपासून लांब. आणि लागेल तेवढीच कुटावी.

एक प्रयोग करून पाहा. आईकडून किंवा बाबांकडून दहा दाणे मागून घ्या. पाच आज कुटून उघड्या वाटीत ठेवा, पाच तसेच डब्यात असू द्या. आठ दिवसांनी तेही कुटा आणि डोळे मिटून दोन्ही वाट्यांचा वास घ्या. कोणती वाटी कोणती, हे तुमचं नाकच सांगेल!